आर्थिक प्रश्नांची सार्वजनिक चर्चा : मुंबईचा विचारमंच आणि बुलढाण्याचा कापूस

आर्थिक धोरणाविषयीची चर्चा कोणी घडवून आणावयाची, हा प्रश्न वरवर पाहता गौण वाटतो. विधिमंडळे आहेत, वृत्तपत्रे आहेत, विद्यापीठांचे अर्थशास्त्र-विभाग आहेत. मग चर्चेसाठी स्वतंत्र संस्था कशाला हवी, असे कोणासही वाटेल. परंतु नवा आर्थिक प्रश्न यांपैकी कोणाच्याही दारी तयार रूपात येत नाही. त्याची पहिली चिन्हे बाजारात, कारखान्यात किंवा शेतात दिसतात. त्याची आकडेवारी दोन-तीन वर्षांनी हाती येते. आणि त्याविषयीचा सरकारी निर्णय पुष्कळदा या दोहोंच्या मधल्या काळात, म्हणजे पुरेशी माहिती नसतानाच, होऊन जातो. या मधल्या काळात मतभेद उघडपणे मांडले जावेत, यासाठी व्यापारी व उद्योजक वर्गाने ज्या संस्था उभारल्या त्यांत मुंबईच्या 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज' या मंचाचे स्थान लक्षणीय आहे. या मंचाचे कार्य आणि त्याच्या मर्यादा बुलढाणा जिल्ह्याच्या बाजूने पाहिल्यास अधिक स्पष्ट होतात. कारण ज्या प्रश्नासाठी हा मंच निघाला तो खरेदी-विक्रीच्या स्वातंत्र्याचा प्रश्न या जिल्ह्यातील कापूस-उत्पादकाने त्याच्याही कितीतरी आधीपासून प्रत्यक्ष भोगलेला आहे.

मंचाची स्थापना जुलै १९५६ मध्ये झाली. ते वर्षच त्याच्या जन्माचे कारण सांगते. जानेवारीत आयुर्विमा व्यवसाय सरकारने आपल्या ताब्यात घेतला होता. एप्रिलच्या अखेरीस नवा औद्योगिक धोरणविषयक ठराव संमत होऊन मूलभूत उद्योगांचा मोठा भाग सरकारी क्षेत्राकडे गेला होता. आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आरंभ झाला होता. या दिशेला विरोध करणारा विचार देशात नव्हता असे नाही. १९५५ साली योजनेच्या आराखड्यावर अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळाने विचार केला, तेव्हा प्रा. बी. आर. शेणॉय यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडलीच होती. परंतु भिन्नमतपत्रिका ही अहवालाच्या शेवटी पडून राहते. तिला श्रोते मिळवून देणारे पीठ नव्हते. ते निर्माण करण्याचे काम अर्देशीर दाराबशा श्रॉफ यांनी हाती घेतले.

श्रॉफ हे काही नियोजनाचे जन्मजात शत्रू नव्हते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. १९४४ मध्ये देशातील आठ उद्योगपती व अर्थतज्ज्ञांनी जी 'मुंबई योजना' प्रसिद्ध केली तिच्यावर सही करणाऱ्यांत ते होते. आणि त्या योजनेत सरकारी भांडवल व सरकारी नियंत्रण यांना पुष्कळच वाव दिलेला होता. त्याच वर्षी ब्रेटन वुड्स येथील परिषदेस गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात त्यांचा बिनसरकारी सदस्य म्हणून समावेश होता. खाजगी क्षेत्रास भांडवल कसे पुरवावे याचा विचार करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीचेही ते अध्यक्ष होते. राज्यसंस्थेशी असा दीर्घ व्यवहार केलेल्या माणसाने बारा वर्षांनी तिच्या वाढत्या अधिकाराविरुद्ध मंच उभारावा, यात विसंगती पाहण्यापेक्षा अनुभवाने झालेला मतपालट पाहणे अधिक न्याय्य ठरेल.

मंचाने निवडणूक लढविली नाही. १९५९ साली स्वतंत्र पक्ष निघाला तेव्हा दोहोंच्या विचारांत बरेच साम्य होते. तरीही मंचाने आपण पक्षनिरपेक्ष लोकशिक्षणाची संस्था आहोत ही भूमिका सोडली नाही. व्यावसायिकांसाठी एक आचारसंहिताही त्याने पुढे मांडली. उद्योगस्वातंत्र्य मागणाऱ्याने ग्राहक, कामगार व समाज यांच्याविषयीची जबाबदारीही मानली पाहिजे, असा तिचा आशय होता. ती कितपत पाळली गेली हा वेगळा विषय. पण मागणीबरोबर जबाबदारी जोडण्याची गरज संस्थापकांना वाटली, एवढे खरे. व्याख्याने, अल्प किमतीच्या लहान पुस्तिका, विद्यार्थ्यांसाठी वक्तृत्वस्पर्धा व शिबिरे अशी त्याची साधने होती. एम. आर. पै यांनी मंचाचे हे नित्याचे काम अनेक वर्षे चिकाटीने चालविले. कामाचे स्वरूप असे होते की त्यात मोठेपणा मिरविण्यास जागा नव्हती.

मंचाचे नाव सर्वसामान्य मुंबईकराच्या तोंडी गेले ते मात्र नानी पालखीवाला यांच्या अर्थसंकल्पावरील भाषणांमुळे. १९५८ साली ग्रीन्स हॉटेलातील एका छोट्या सभागृहात हा उपक्रम सुरू झाला. पुढे श्रोते वाढत गेले, सभागृहे अपुरी पडली आणि अखेर हे भाषण ब्रेबोर्न क्रीडांगणावर होऊ लागले. प्राप्तिकराच्या कलमांवर बोलणाऱ्या विधिज्ञाला ऐकण्यासाठी क्रिकेटचे मैदान भरावे, हे दृश्य अन्यत्र क्वचितच आढळेल. १९९४ पर्यंत ही परंपरा चालली. भाषणाची पद्धत ठरलेली होती : संसदेत अर्थसंकल्प मांडला गेल्यानंतर थोड्याच दिवसांत, हाती कागद न घेता, आकड्यांसह त्याचे विवेचन. अर्थसंकल्प हा सरकारचा गोपनीय दस्तऐवज न राहता नागरिकाने तपासावयाचा हिशेब आहे, ही जाणीव शहरी मध्यमवर्गात रुजविण्याचे श्रेय या भाषणांना द्यावेच लागेल.

बुलढाणा जिल्ह्यालाही वार्षिक आर्थिक भाकिताची आपली स्वतःची सभा आहे, हे येथे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास पाऊस, पिके, देशाचा राजा व त्याचा खजिना यांविषयीचे अंदाज जमलेल्या शेतकऱ्यांसमोर सांगितले जातात. त्याला शास्त्रीय आधार नाही. परंतु आगामी वर्षाच्या अर्थकारणाविषयी काही ऐकावे ही भूक केवळ शहरातील करदात्याचीच नाही, एवढे त्यावरून दिसते. ब्रेबोर्नवर ती भूक एका प्रकारे भागविली गेली. वऱ्हाडात तिला पुष्कळ काळ घटातील धान्यावरच विसंबावे लागले.

मंचाची मर्यादा याच ठिकाणी जाणवते. त्याचा व्यवहार प्रामुख्याने इंग्रजीत होता आणि त्याचा स्वातंत्र्यविचार परवाना, कंपनीकर, प्राप्तिकर व राष्ट्रीयीकरण या विषयांभोवती फिरत होता. ही कारखानदार व पगारदार यांच्या अनुभवाची भाषा होती. ज्याचा कर भरण्याइतका उत्पन्नाशी संबंध नाही, परंतु ज्याच्या मालाचा भाव सरकारी आदेशाने वर-खाली होतो, त्या उत्पादकाचा प्रश्न या चौकटीत आपोआप बसत नव्हता.

तो प्रश्न समजण्यासाठी खामगावकडे वळले पाहिजे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि पुढील दशकात अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई भासताच या प्रदेशाचे महत्त्व एकाएकी वाढले. १८७० साली मुख्य लोहमार्गावरील जलंबपासून खामगावपर्यंतची अवघी आठ मैलांची शाखा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाली. एवढ्याशा फाट्यासाठी साक्षात व्हाइसरॉयने यावे, यातच खामगावच्या बाजारपेठेचे जागतिक मोल दिसून येते. गावाच्या बाजारातील भाव लिव्हरपूलच्या भावाशी तारायंत्राने जोडला गेला. त्या दिवसापासून बुलढाण्याचा शेतकरी जागतिक अर्थव्यवस्थेचा घटक झाला. मात्र तिच्याविषयीच्या चर्चेत त्याला कोणी बोलाविले नव्हते.

व्यापार वाढला तसे त्यातील गैरप्रकारही वाढले. आडत, दलाली, हमाली, तोलाई, कडता अशा नाना नावांनी उत्पादकाच्या पैशातून कपात होई. रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरे, आणि माल ज्याचा त्यालाच तो कळत नसे. या व्यवहाराला नियमांत बांधण्याचा देशातील पहिला प्रयत्न वऱ्हाडातच झाला. १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा करण्यात आला. पुढे १९२७ चा मुंबई कापूस बाजार कायदा या अनुभवावर आधारला गेला आणि १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगानेही नियंत्रित बाजारांची शिफारस केली. परंतु वऱ्हाडच्या मूळ कायद्यातील बाजार समितीत वजन होते ते व्यापाऱ्यांचे. उत्पादकाला तीत स्थान नव्हते. आयोगाच्या टीकेचा रोख याच उणिवेवर होता. नियमन झाले, पण ज्याच्यासाठी झाले तो समितीच्या खोलीबाहेरच राहिला. पुढील शंभर वर्षांतील जवळजवळ प्रत्येक कापूसविषयक वादात हीच रचना थोड्याफार फरकाने पुन्हा दिसते.

कापसाचा भाव कसा ठरतो हे येथे थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल; कारण त्याशिवाय या वादांतील आर्थिक आशय ध्यानात येत नाही. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला असता साधारणतः ३४ ते ३५ किलो रुई निघते; थोडी घट वजा जाता बाकीची सरकी असते. जिनवाला कापसाला जो भाव देऊ शकतो तो रुईची किंमत व सरकीची किंमत यांच्या बेरजेतून जिनिंग, गाठी बांधणे, वाहतूक, व्याज आणि त्याचा नफा वजा करून राहिलेला असतो. म्हणजे कापसाचा भाव हा शिल्लक भाव होय. रुई किलोमागे १० रुपयांनी उतरली की कापसाच्या क्विंटलमागे ३४० ते ३५० रुपयांची घट संभवते, आणि मधल्या कोणाचेही खर्च त्या प्रमाणात कमी होत नसल्यामुळे ती बहुतांशी उत्पादकाच्याच अंगावर पडते. सरकीचे तसेच. तिचा भाव तेल व पेंडीवर अवलंबून, तेलाचा भाव आयात होणाऱ्या पामतेलावर अवलंबून. परिणामी दिल्लीत पामतेलावरील आयातशुल्क बदलले की त्याचा धक्का मलकापूर किंवा खामगावच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीपर्यंत पोहोचतो. इतक्या लांबच्या कारणांनी ठरणाऱ्या भावाविषयी केवळ स्थानिक व्यापाऱ्याला दोष देऊन चर्चा संपविणे हे सोपे आहे, उपयोगाचे नाही.

महाराष्ट्र शासनाने नेमका तोच दोष दूर करण्यासाठी १९७१ मध्ये कायदा केला आणि १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना अमलात आणली. राज्यातील कापूस-उत्पादकाने आपला माल शासनाच्या यंत्रणेलाच विकावयाचा. त्याला आरंभी हमी भाव मिळावयाचा. रुई-सरकी विकून नफा उरल्यास त्याचा मोठा वाटा उत्पादकाला आणि काही भाग भाव चढउतार निधीत जमा व्हावयाचा, अशी ही रचना होती. व्यापारी वगळला की त्याचा नफा शेतकऱ्याला मिळेल, हे तिचे गृहीत. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि मंदीच्या हंगामात योजनेने आधार दिला हेही मान्य केले पाहिजे. पण बुलढाणा हा सीमेवरचा जिल्हा आहे. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेश. तिकडे भाव अधिक असेल त्या वर्षी कापूस चोरवाटेने बाहेर जाई, आणि इकडचा हमी भाव अधिक असेल त्या वर्षी बाहेरचा कापूस आत येई. म्हणजे तेजीत योजनेला माल मिळत नसे आणि मंदीत तिच्या गळ्यात दुसऱ्यांचाही माल पडे. अशा रचनेत तोटा साचत जाणे अपरिहार्य होते. २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मोकळीक मिळून मक्तेदारी संपुष्टात आली.

या तीस वर्षांत खुल्या बाजाराचा युक्तिवाद विदर्भाच्या खेड्यात पोहोचला तो मुंबईच्या मंचाकडून नव्हे. तो शेतकरी संघटनेने पोहोचविला. शरद जोशी यांनी १९७९ मध्ये चाकण परिसरातून या चळवळीचा आरंभ केला. स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतील नोकरी सोडून त्यांनी कोरडवाहू शेती पत्करली होती. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे मूळ त्याच्या आळसात वा अज्ञानात नसून शेतमालाचा भाव जाणूनबुजून खाली ठेवणाऱ्या धोरणात आहे, हा त्यांचा मुख्य सिद्धांत. त्याच्या पुष्ट्यर्थ ते उत्पादनखर्चाचा हिशेब मांडीत, आणि हा हिशेब शिबिरांतून, प्रथम फळ्यावर आणि मग श्रोत्यांच्या तोंडून, वदवून घेत. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला झुकते माप दिले, तेव्हा कापूस-उत्पादकांनी कृत्रिम वस्त्रांची होळी केली. वस्त्रोद्योगाच्या शुल्करचनेसारखा रुक्ष विषय त्या हंगामात विदर्भातील गावोगावच्या पारावर चर्चिला गेला. संघटनेने एकाधिकार योजनेच्या भावावर आणि कालांतराने तिच्या मक्तेदारीवरही आक्षेप घेतला.

या दृष्टीने नोव्हेंबर १९९१ मधील शेगावच्या मेळाव्याला विशेष महत्त्व आहे. त्याच वर्षीच्या जुलैत रुपयाचे अवमूल्यन झाले होते आणि २४ जुलैच्या अर्थसंकल्पाने नव्या आर्थिक धोरणाची दिशा स्पष्ट केली होती. देशातील बहुतेक शेतकरी संघटना या बदलाकडे संशयाने पाहत असताना शेगावला जोशी यांनी 'चतुरंग शेती'चा कार्यक्रम मांडला. कमी खर्चाची व प्रयोगशील सीताशेती, घरच्या घरी प्रक्रिया करणारी माजघर शेती, मालाच्या विक्रीत उतरणारी व्यापार शेती आणि परदेशी बाजारपेठेकडे पाहणारी निर्यात शेती, अशी तिची चार अंगे होती. पहिल्या दोन अंगांत शेतकरी स्त्रीच्या कामाला प्रत्यक्ष आर्थिक मूल्य दिले होते, ही त्यातील सर्वांत मौलिक बाब म्हटली पाहिजे. कार्यक्रम म्हणून तो फार दूर गेला नाही. व्यापारासाठी लागणारे भांडवल व साठवण यांची व्यवस्था केवळ विचाराने होत नाही. तरीही जागतिक व्यापाराचा प्रश्न वाटाघाटींच्या मसुद्यातून उचलून तो उत्पादकांच्या सभेत, त्यांच्याच भाषेत, निर्णय होण्यापूर्वी मांडला गेला, हे उदाहरण असाधारण आहे. पुढे जागतिक व्यापार संघटनेकडे भारताने दिलेल्या माहितीत १९८६ ते १९८८ या आधारकाळातील पिकांवरील एकत्रित मदत उणे असल्याचे दिसून आले. म्हणजे देशी भावधोरण शेतकऱ्याला अनुदान देण्याऐवजी त्याच्यावर एक प्रकारचा अदृश्य कर बसवीत होते. जोशी यांच्या मांडणीला सरकारी कागदानेच दुजोरा दिला, असे यावर त्यांचे अनुयायी म्हणत. ही गणना कोणत्या विनिमयदराने व कोणत्या आधारभावाने केली यावर मतभेदाला जागा आहे. विद्यार्थ्यांनी तो भाग मुळातून अभ्यासावा.

मंच आणि संघटना यांच्यात एक तिसरा घटक असावयास हवा होता, तो म्हणजे अभ्याससंस्था. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून कार्यरत आहे. तिच्या काळे स्मारक व्याख्यानमालेतच १९३९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघराज्याच्या योजनेवर आपले सुप्रसिद्ध टीकात्मक व्याख्यान दिले होते. संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांचा जन्म नाशिकचा, आणि ग्रामीण सर्वेक्षणाची शिस्त त्यांनी महाराष्ट्राला घालून दिली. प्रा. वि. म. दांडेकर यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या 'अर्थबोधपत्रिके'ने मराठीतून अर्थविचार देण्याचे काम केले. मात्र या सर्व संस्थांचे केंद्र पुणे. पुण्याहून खामगावला जाणारा अभ्यासक प्रश्नावली घेऊन जातो व उत्तरे घेऊन परततो. निष्कर्ष पुन्हा खामगावला सांगितले जाणे ही गोष्ट क्वचितच घडते. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली त्यांत बुलढाणा होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर त्या काळात अनेक अहवाल तयार झाले. त्यांतील किती ज्यांच्याविषयी होते त्यांच्या भाषेत, त्यांच्या गावी वाचले गेले, हे विचारून पाहण्यासारखे आहे.

चर्चेवाचून केलेल्या धोरणाची किंमत काय, हे २०२० च्या तीन कृषिकायद्यांनी दाखविले. शेतमालाच्या व्यापाराला बाजार समितीच्या आवाराबाहेर मोकळीक देणारे हे कायदे जूनमध्ये अध्यादेशाने आले आणि सप्टेंबरमध्ये घाईने संमत झाले. त्यांतील काही तत्त्वे अशी होती की शेगावच्या सभेने त्यांचे स्वागत केले असते. पण ती पंजाबातील शेतकऱ्याशी बोलून आलेली नव्हती आणि वऱ्हाडातील शेतकऱ्याशीही बोलून आलेली नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांना स्थगिती देऊन समिती नेमली. तीत शेतकरी संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष अनिल घनवट यांचा समावेश होता. समितीने अहवाल दिला, परंतु तो प्रकाशित झाला नाही. वर्षअखेरीस कायदे रद्द झाले आणि त्यानंतर, मार्च २०२२ मध्ये, घनवट यांनी तो स्वतःच जाहीर केला. कायदा आधी, विरोध नंतर, समिती त्यानंतर आणि समितीचा अहवाल सर्वांत शेवटी, असा हा उलटा क्रम होता. त्याच काळात, डिसेंबर २०२१ मध्ये, सोयाबीनच्या वायदे व्यवहारांना स्थगिती देण्यात आली व तिची मुदत पुढे वारंवार वाढविली गेली. सोयाबीनने बुलढाण्यात कापसाची पुष्कळ जागा घेतलेली असल्यामुळे भावाचा आगाऊ अंदाज देणारे एक साधन या जिल्ह्यातून नाहीसे झाले.

अगदी अलीकडचे उदाहरण रुईवरील आयातशुल्काचे. फेब्रुवारी २०२१ पासून हे शुल्क ११ टक्के होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांपर्यंत नेली, तेव्हा कापड-निर्यातदारांना दिलासा म्हणून केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून रुईची आयात शुल्कमुक्त केली. सप्टेंबरअखेरची मूळ मुदत दहा दिवसांतच ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली गेली. गिरण्यांची अडचण खरी होती. परंतु बुलढाण्यात कापसाची वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास जोर धरते आणि लहान शेतकरी आपला बहुतेक माल डिसेंबरच्या आत विकतो. त्याला उधारी फेडावयाची असते, रब्बीसाठी पैसा हवा असतो. सवलतीची मुदत आणि त्याच्या विक्रीचा हंगाम हे असे बरोबर एकमेकांवर येऊन पडले. लांब धाग्याच्या कापसाला त्या वर्षी ८,११० रुपये हमी भाव जाहीर झालेला होता, पण तो मिळण्यासाठी सरकारी खरेदी केंद्र वेळेवर उघडावे लागते आणि मालातील ओलावा मर्यादेत असावा लागतो. निर्यातदारांच्या संघटनांनी आपली बाजू दिल्लीत आकड्यांसह मांडली होती. शिल्लक भावाचा वर दिलेला हिशेब मांडून, शुल्क उठल्यास क्विंटलमागे किती रुपये कमी होतील हे अधिसूचनेपूर्वी खामगावच्या आवारात सांगणारे पीठ त्या आठवड्यातही उपलब्ध नव्हते.